इंजिन रडलं की खाली, ओरडलं की वर



आजचा विषय वाचून काहीजणी हसतील. पापड, लोणची, पर्युषणातला स्वयंपाक असं लिहिणारी ही बाई आज मोटारसायकलच्या गिअरवर लिहायला बसलीय! हसा, पण शेवटपर्यंत वाचा. कारण हा विषय गाडीचा जितका आहे, तितकाच घराचा आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं गाव हिंगोली-औंढा रस्त्यापासून चार किलोमीटर आत. घराला लागून किराणा दुकान. त्या दिवशी हे माल आणायला एसटीने नांदेडला गेलेले. मुलगी स्कूटी घेऊन हिंगोलीला कॉलेजात. घरात मी, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना जुना दमा. श्रावणातली ओल, संध्याकाळची वेळ, नुकतीच आमची जेवणं आटोपलेली. एकाएकी त्यांना धाप लागली. पंप काढला तर तो संपलेला. नवा पंप मिळणार फाट्यावरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे चार किलोमीटरवर.

अंगणात मोटारसायकल उभी होती. टाकीत पेट्रोल होतं. किल्ली खिळ्याला टांगलेली होती. आणि मला ती चालवता येत नव्हती.

मी शेजारी धावले. एक घर कुलूपबंद, दुसऱ्या घरातले पुरुष शेतावर. १०८ ला फोन केला, त्यांनी निघतो म्हणून सांगितलं. तेवढ्यात शेतावरून परतणारा एक मुलगा भेटला, तो आपल्या गाडीवर गेला आणि पंप घेऊन आला. या सगळ्यात पाऊण तास गेला. तो पाऊण तास सासरे खाटेची कड दोन्ही हातांनी धरून पुढे वाकून बसले होते आणि सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत णमोकार म्हणत होत्या. देवाच्या दयेने म्हणा, पुण्याईने म्हणा, निभावलं. पण रात्री अंथरुणावर पडले तरी मला ती खिळ्याला टांगलेली किल्लीच दिसत होती.

चार किलोमीटर म्हणजे गाडीवर आठ-दहा मिनिटं. गाडी आमची, घर आमचं, आजारी माणूस आमचं, आणि मी मात्र दुसऱ्याच्या मुलाची वाट बघत उभी.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनीच विषय काढला. म्हणाले, "सूनबाई, ती गाडी शिकून घे."

आपण बिनागिअरवर का थांबलो?

माझं मत आधीच स्पष्ट सांगते. ज्या घरात मोटारसायकल आहे, त्या घरातल्या धडधाकट बाईला ती चालवता आली पाहिजे. रोज चालवावी असं नाही. पण "मला गिअरची येत नाही" हे वाक्य आपण ज्या सहजपणे बोलतो, ती सहजता आता सोडायला हवी.

आपण बायका बिनागिअरच्या गाडीवर कशा आलो, हेही बघण्यासारखं आहे. त्यात आपल्याच समाजातल्या एका घराण्याचा मोठा वाटा आहे. अहमदनगरच्या फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना आणली. हलकी, पायडलची, गिअर नसलेली. शिक्षिका, नर्स, बँकेत जाणाऱ्या कितीतरी बायका पहिल्यांदा स्वतःच्या वाहनावर बसल्या त्या लूनावर. पुढे ऐंशीच्या दशकात त्याच घराण्याने जपानच्या होंडाबरोबर कायनेटिक होंडा काढली. बटण दाबलं की सुरू, मूठ पिळली की चालू. त्याआधीची बजाजची चेतक आठवा. तिचा क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत, मूठ फिरवून गिअर टाकायचा. आमच्या माहेरी चेतक होती, पण ती फक्त बाबांची. कायनेटिक आली आणि गिअरची कटकटच संपली. मग स्कूटी आली, २००१ च्या सुमारास अ‍ॅक्टिव्हा आली, आणि आज खेड्यातसुद्धा शाळेतल्या बाई त्याच गाडीवर येतात.

या गाड्यांचे आपल्यावर उपकार आहेत, ते मी नाकारत नाही. माझी मुलगी स्कूटीवरच कॉलेजला गेली. पण त्यातून एक नकळत वाटणीही झाली. बिनागिअरची ती बाईची, गिअरची ती बाप्याची. आणि आपल्या जिल्ह्यात घरोघरी आधी कोणती गाडी येते? मोटारसायकल. स्कूटी आली तर मागून, मुलगी कॉलेजला गेल्यावर. म्हणजे घरात वाहन असतं, पण ते निम्म्या घराला चालवता येत नाही. घरात चूल एक, आणि ती पेटवायची कला फक्त एकालाच, असं आपण कधी चालवून घेतलं असतं का?

गिअर म्हणजे नक्की काय?

मला हे कोणीच नीट सांगितलं नव्हतं. म्हणून माझ्या भाषेत सांगते.

डोक्यावर पाण्याची घागर घेऊन जिना चढताना आपण लहान लहान पावलं टाकतो. जोर जास्त, अंतर कमी. वर सपाट गच्चीवर आलो की पावलं आपोआप लांब पडतात. गाडीचंही तसंच. पहिला गिअर म्हणजे लहान पाऊल. जोर भरपूर, वेग थोडा. थांबलेली गाडी हलवायची तर तोच लागतो. चौथा गिअर म्हणजे लांब ढांगा. जोर कमी, वेग जास्त. जिन्यावर लांब ढांग टाकली तर गुडघे धरतात, आणि सपाटीवर लहान पावलांनी पळालो तर धाप लागते. गाडीची सगळी तक्रार या दोनच गोष्टींची असते.

बिनागिअरच्या गाडीत हे काम आतला पट्टा करतो. पट्टा ज्या चाकांवर फिरतो ती वेगाप्रमाणे आपोआप लहान-मोठी होतात. तिथे पाऊल किती टाकायचं ते गाडी ठरवते. गिअरच्या गाडीत ते आपण ठरवायचं. एवढाच काय तो फरक.

मला शिकवलं कोणी?

आधी ह्यांनी. दोन दिवस. त्याबद्दल थोडक्यात एवढंच सांगते की नवऱ्याकडून गाडी आणि सासूकडून पुरणपोळी शिकायची तर डोकं थंड ठेवावं लागतं. "क्लच दाब! गिअर टाक! आता सोड! अगं हळू सोड!" या चार आरोळ्यांत गाडी बारा वेळा बंद पडली. ह्यांचा सगळा भर मीटरवर. पंधराला दुसरा टाक, तीसला तिसरा टाक. मी मीटर बघायला लागले की रस्ता सुटायचा, रस्ता बघायला लागले की मीटर.

शेवटी आमच्या फाट्यावरचा गॅरेजवाला मिस्त्री म्हणाला, "काकू, मीटरकडं बघूच नका. इंजिन रडलं की खाली, ओरडलं की वर." आठवडी बाजाराच्या मोकळ्या मैदानात दोन रविवार त्याने मला शिकवलं. मी आजही त्याच एका वाक्यावर गाडी चालवते.

रडणं आणि ओरडणं

समजा गाडी चौथ्यावर आहे आणि समोर चढ आला. वेग पडू लागला, रेस दिली तरी गाडी ओढेना, खालून धडधड धडधड असा हादरा पायाला लागू लागला. हे झालं रडणं. ती सांगतेय की पाऊल लांब पडतंय, लहान कर. इथे रेस पिळून उपयोग नाही. पेट्रोल जळतं, इंजिनावर ताण येतो, गाडी काही पळत नाही. एक गिअर खाली घ्यायचा.

उलट, दुसऱ्यावर आहात, रस्ता मोकळा आहे, गाडी किंचाळल्यासारखा बारीक आवाज काढतेय, हँडल थरथरतंय, पण वेग वाढत नाही. हे ओरडणं. आता पाऊल लांब टाका, म्हणजे एक गिअर वर.

आकडाच हवा असेल तर चार गिअरच्या शंभर सीसीच्या गाडीचा माझा अंदाज असा. पहिला फक्त गाडी हलवण्यापुरता, दहा-पंधराच्या पुढे त्याला ओढू नये. दुसरा साधारण पंचवीसपर्यंत. तिसरा पस्तीस-चाळीसपर्यंत. त्यापुढे चौथा. पण हे सपाट रस्त्यावर, एकटी असताना. मागे सासूबाई आणि पुढे साखरेची गोणी असेल तर प्रत्येक गिअर थोडा उशिरा बदलायचा, कारण ओझं जास्त आहे. म्हणून तर आकड्यापेक्षा कान खरा. भाकरी किती मिनिटं भाजायची हे आपण घड्याळ लावून ठरवतो का?

गिअर बदलण्याची क्रिया तीन भागांत. रेस सोडायची, क्लच पूर्ण दाबायचा, पायाने गिअर टाकायचा. मग क्लच हळू सोडत हळू रेस द्यायची. क्लच अर्धवट दाबून ठेवायची सवय लावू नका. बोटं नुसती त्यावर टेकवून ठेवली तरी क्लचप्लेट घासते आणि खर्च निघतो. आपल्या गाडीचा गिअर कसा पडतो तेही आधी विचारून घ्या. काही गाड्यांत सगळे गिअर चवड्याने खाली दाबून पुढे पडतात, काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर. घाईत हीच गल्लत होते.

आधी बदला, मग नको

मिस्त्रीने सांगितलेली दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षाही महत्त्वाची वाटते. गिअर अडचण येण्याच्या आधी बदलायचा, अडचणीत सापडल्यावर नाही.

वळण आहे, तर वळणाच्या आधी ब्रेक लावून वेग कमी करा, गिअर खाली घ्या, आणि मग वळा. वळणाच्या मधोमध गाडी तिरकी असताना गिअर बदलला तर मागचं चाक झटका खातं.

चढ आहे, तर पायथ्याशीच, गाडीत थोडा जीव असतानाच एक गिअर खाली. मध्यावर गाडी रडून बंद पडली तर चढावर पुन्हा सुरू करणं नव्या बाईला फार कठीण जातं.

गतिरोधक आहे, तर त्याच्या आधी दुसरा. तो ओलांडून गेल्यावर चौथ्यावरच रेस देत धडधडत राहायचं नाही.

पुढे उसाची ट्रॉली किंवा हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर आहे आणि पुढे जायचंय. आपल्याकडे हिवाळ्यात ऊस आणि उन्हाळ्यात हळद, म्हणजे हे रोजचंच. चौथ्यावर रेंगाळत रेंगाळत ओलांडायला जाऊ नका. गाडी ओढणार नाही आणि समोरून एसटी येईल. रस्ता दूरवर रिकामा दिसल्यावर आधी तिसरा घ्या, जोर मिळेल, मग ओलांडा, मग परत चौथा. रस्ता दिसत नसेल तर ट्रॉलीच्या मागेच राहा. दोन मिनिटांनी कोणाचं काही अडत नाही.

उतार आहे, तर इथे फार बायका आणि पुरुषही चुकतात. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून किंवा क्लच दाबून सोडून देतात. मग सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की धरत नाहीत. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे धरून ठेवतं. जुन्या चालकांचा नियम सोपा आहे. ज्या गिअरवर चढलो असतो, त्याच गिअरवर उतरायचं.

आणि गिअर खाली आणताना एकेक करून आणा. पळत्या गाडीला चौथ्यावरून धाडकन पहिल्यावर आणलं तर मागचं चाक जाम होऊन घसरतं. वेग आधी कमी, मग गिअर कमी.

पावसाळ्यातली आपली काळी माती तुम्हाला ठाऊकच आहे. अशा चिखलात दुसऱ्या गिअरवर, अगदी थोडी पण एकसारखी रेस ठेवून जायचं. मध्येच रेस वाढवली की चाक जागेवर फिरतं, आणि पुढचा ब्रेक जोरात दाबला की आपण खाली.

आक्षेप, आणि माझी उत्तरं

हे सगळं मी बायकांत बोलले तेव्हा चार आक्षेप ठरलेले आले.

पहिला, "मोटारसायकल जड असते, आपल्याला झेपत नाही." मलाही तसंच वाटायचं. मग माहिती काढली. स्प्लेंडरसारख्या गाडीचं वजन सुमारे ११२ किलो. अ‍ॅक्टिव्हाचं १०५ ते ११० च्या घरात. म्हणजे जी गाडी आपण रोज स्टँडवर लावतो, तिच्यात आणि हिच्यात चार-सहा किलोचा फरक, मेथीच्या दोन-चार जुड्या आणि एक कलिंगड. सीटची उंचीही दोन-तीन सेंटीमीटरनेच जास्त. उलट मोटारसायकलचं चाक अठरा इंची, स्कूटरचं दहा-बारा इंची. आपल्या आतल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत मोठं चाक सहज निघून जातं, लहान चाक आदळतं. खेड्यातल्या रस्त्याला कोणती गाडी बरी, ते तुम्हीच ठरवा.

दुसरा, "साडीवर कसं शोभतं?" शोभण्यापेक्षा अडकण्याचा विचार करा. नव्या बाईने साडीवर शिकूच नये. चुडीदार घाला, ओढणी अंगाभोवती घट्ट बांधा, पदराला किंवा ओढणीला मोकळं टोक ठेवू नका. पायात चप्पल नको, गिअर टाकताना ती निसटते. चामड्याचे बूट आपल्याकडे चालत नाहीत, तर कॅनव्हासचे घ्या. मागे बसणारीसाठी चाकाला जाळी असते, आपण जिला साडीगार्ड म्हणतो, ती दुकानदाराची मेहेरबानी नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण सांगितलेलं आहे. मुलं गाडी देखणी दिसावी म्हणून ती जाळी काढून टाकतात. काढली असेल तर आजच परत बसवायला सांगा.

तिसरा आक्षेप आमच्या मंदिरातल्या एका वयस्क काकूंचा. त्या म्हणाल्या, "गाडी म्हणजे जीवहिंसा, ती शिकायची हौस कशाला?" त्यांचा मान ठेवून सांगते. आपले मुनिमहाराज पायी विहार करतात, चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकतात. ती ईर्यासमिती. आपण गृहस्थ तिथवर पोचत नाही. चूल पेटवण्यात, शेतीत, दुकानात आरंभी आणि उद्योगी हिंसा आपल्याकडून घडते, म्हणून तर श्रावकाला संकल्पी हिंसेचा त्याग आधी सांगितला. पण मग जे करायचंच आहे ते यत्नाने करावं. विनाकारण फेरी मारू नये. दोन कामं एका फेरीत करावी. पावसात किडे-मुंग्या बाहेर येतात तेव्हा हळू जावं. आणि सूर्यास्ताआधी जेवायला घरी पोचायचं म्हणून गाडी ओरडवत आणायची, हा धर्म नाही. त्यासाठी दहा मिनिटं आधी निघावं. मी तर म्हणते, बाई मागे बसून "हळू चालव रे" म्हणत राहण्यापेक्षा हँडल तिच्या हातात असेल तर यत्न जास्त राहील. शिवाय गाडी नवरा चालवतो तेव्हा हिंसा नाही आणि बायको चालवते तेव्हा हिंसा, असं तर नाही ना?

चौथा आक्षेप सगळ्यात खरा. "वेळ कुठंय?" मला दोन रविवार लागले, आणि पुढचा महिनाभर सकाळी पंधरा मिनिटं. तेवढा वेळ आपण एका लग्नाच्या मेंदीला देतो.

कायद्याचंही बघा

ज्यांच्याकडे स्कूटीचं लायसन्स आहे त्यांनी हे नीट वाचावं. बिनागिअरची मोटारसायकल आणि गिअरची मोटारसायकल हे लायसन्सचे दोन वेगळे प्रकार आहेत. बिनागिअरचं लायसन्स असलेल्या बाईने गिअरची गाडी चालवली तर कायद्याने ती विनालायसन्सच. अपघात झाला तर विम्याचीही पंचाईत होऊ शकते. म्हणून नुसती गाडी शिकून थांबू नका. गिअरसह लर्निंग लायसन्स काढा. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्ससाठी परीक्षा देता येते. मी शिकत होते तेव्हा गाडीला लाल अक्षरात इंग्रजी एल लावला होता. आमच्या एमएच ३८ च्या गाडीवर ते अक्षर बघून पोरं हसायची. हसू दे.

आणि आयांनो, एक गोष्ट मुलांच्या बाबतीत. गिअरच्या गाडीला अठरा वर्षं पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी चालते ती फक्त पन्नास सीसीपर्यंतची बिनागिअरची. म्हणजे अकरावीतल्या लेकाला आपण कौतुकाने जी गाडी देतो, ती चुकीचीच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पंधरा वर्षांच्या मुलाला किल्ली देताना आपला हात थरथरत नाही आणि चाळीस वर्षांच्या सुनेला देताना थरथरतो, हे गणित मला आजवर सुटलेलं नाही.

हेल्मेट चालवणारीलाही आणि मागे बसणारीलाही. अंबाडा खाली मानेवर घातला की हेल्मेट नीट बसतं, मी करून बघितलंय.

शेवटी

पुण्यात २०११ साली बायकांनी बायकांसाठी 'बायकर्नी' नावाचा मोटारसायकलचा गट काढला, त्या मुली हिमालयापर्यंत जातात. मला काही हिमालयात जायचं नाही. मला फाट्यावरच्या मेडिकलपर्यंत जायचं होतं, आणि तेवढंच त्या संध्याकाळी जमलं नव्हतं.

मागच्या वर्षी दशलक्षण पर्व संपल्यावर सासूबाईंना शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला जायचं होतं. हे दुकानात अडकलेले. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, पुढच्या रविवारी जाऊ." मी किल्ली घेतली. त्या मागे बसल्या, दोन्ही हातांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की औंढ्यापर्यंत खांदा बधिर झाला. औंढ्यानंतर वसमतच्या रस्त्याला लागलो आणि पुढे एक चढ दिसला. मी पायथ्याशीच तिसरा घेतला. गाडी एकदाही न रडता वर गेली. खांद्यावरचे हात तिथे जरा सैल झाले.

दर्शन घेऊन बाहेर आलो तर ओळखीच्या बायका भेटल्या. "कशा आलात?" त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "सुनेनं आणलं. गिअरच्या गाडीवर."

तर सख्यांनो, तुमच्याही घरात एखाद्या खिळ्याला ती किल्ली टांगलेली असेल. या रविवारी ती मागा. दीर शिकवेल, भाऊ शिकवेल, कोणी नाहीच तर एखादा भला मिस्त्री शिकवेल. आधी मोकळं मैदान, मग गावातला रस्ता, मग फाटा. गाडी पाच-पंचवीस वेळा बंद पडेल, पडू द्या. आणि औषधाचा पंप घरात दुसरा आणून ठेवा. तेही मी त्याच संध्याकाळी शिकले.

लिहिताना काही अधिक-उणं झालं असेल तर क्षमा असावी.

जय जिनेंद्र.